दोन वाजताची नळी

बसा रे. लाइट काही आता बारापर्यंत येत न्हाई. पुनम, तू ती शाल घे अंगावर. प्रमोद, शेकोटीत दोन पऱ्हाट्या टाक. मघाशी तुमी विचारलं ना, साखऱ्याच्या डोंगरावर तो सिमेंटचा चौथरा कशाचा म्हणून? देवाचा न्हाई तो. मोबाईलच्या टॉवरचाही न्हाई. सांगतो. माझ्या ओळखीच्या माणसावर गुदरलेली गोष्ट आहे, तो माणूस अजून हयात आहे, म्हणून गावात बोभाटा करायचा न्हाई.

मी तेव्हा इथंच, गोरेगावच्या पोस्टात होतो. दोन हजार तीनच्या दिवाळीनंतरचे दिवस. दर मंगळवारी अकराच्या सुमारास साखऱ्याचा भीमराज जीपमधून उतरायचा आणि पत्र्याची एक पेटी माझ्यासमोर ठेवायचा. रजिस्टर पार्सल, पुण्याला. पेटीत बेचाळीस नळ्या. बोटाएवढ्या, स्टीलच्या, दोन्ही तोंडांना बूच. पहिल्या वेळेस मी विचारलं, यात काय आहे? तो म्हणाला, हवा.

मला वाटलं थट्टा करून राहिला. पण भीमराज थट्टा करणारा माणूस न्हवता. बी.एस्सी. झालेला, तिशीच्या आतला, बौद्धवाड्यातला. बोलणं मोजकं. हसणं न्हाईच. त्यानं सरळ सांगितलं. पुण्याच्या एका संस्थेला बघायचं होतं की जिथं कारखाना न्हाई, हमरस्ता न्हाई, तिथल्या हवेत काय काय मिसळलेलं असतं. पेट्रोलची वाफ, रंगाची वाफ, जाळलेल्या धसकटाचा धूर, झाडांच्या पानांतून निघणारा वायू. डोळ्याला दिसत न्हाई, पण वाऱ्यावर शंभर कोस जातं म्हणे. त्यासाठी त्यांनी साखऱ्याचा डोंगर निवडला. वर चौथरा बांधला, पत्र्याची एक खोली टाकली, वीस फुटांचा खांब उभा केला. खांबाच्या टोकापासून एक पांढरा पाइप खाली खोलीत आणला. खोलीत बॅटरीवरचा पंप. पंप हवा ओढायचा, ती हवा नळीतून जायची, नळीतल्या काळ्या पुडीला हवेतलं जे काही असेल ते चिकटून बसायचं. दर चार तासांनी एक नळी, अर्धा तास. सकाळी सहाला, दहाला, दुपारी दोनला, संध्याकाळी सहाला, रात्री दहाला आणि रात्री दोनला.

हवा बराबर ओढली जाते का हे बघायला भिंतीवर एक उभी काच होती. आत ज्वारीएवढी गोळी. पंप सुरू झाला की गोळी वर उचलायची आणि एका रेघेवर जाऊन थांबायची. पंप बंद केला की टप्पकन खाली. भीमराजचं काम एवढंच. नळी लावायची, गोळी बघायची, नळी काढायची, वहीत लिहायचं. रात्री वर एकटाच. हे काम दुसऱ्या कुणी घेतलं न्हाई. यानं घेतलं.

काहून घेतलं, ते कळायला तुमाला पाच वर्षं मागं नेतो.

साखऱ्यात पारुबाई म्हणून एक बाई आहे, भीमराजच्याच गल्लीतली. तिची लेक मनकर्णा. कुरुंद्याला दिली होती, पण सासरी पटत न्हवतं, म्हणून माहेरी आलेली. भीमराज तिला मनाक्का म्हणायचा. लहानपणी तिनंच त्याला कडेवर घेऊन फिरवलेलं. अठ्ठ्याण्णव साली, अकरा सप्टेंबर, शुक्रवार, मनकर्णा सकाळी सरपणाला म्हणून निघाली. डोंगराकडं गेली का कुठं, कुणी पाहिलं न्हाई. संध्याकाळ झाली, आली न्हाई. लोक कंदील घेऊन निघतच होते. तेवढ्यात भीमराज गोरेगावहून आला आणि म्हणाला, मनाक्का तर मला दुपारी गोरेगावात दिसली. सेनगावच्या जीपमधी बसलेली. हिरवं लुगडं.

झालं. लोकांनी कंदील विझवले. कुरुंद्याची वाट तीच, सासरी गेली म्हणाले. न सांगता गेली याचा पारुबाईला राग आला, पण जीव भांड्यात पडला. सोमवारी ती पोस्टात आली, आणि मीच तिला कार्ड लिहून दिलं, कुरुंद्याला. मनकर्णा पोहोचली का, कळवा.

उलट कार्ड आलं. मनकर्णा इकडं आलेलीच न्हाई.

मग धावाधाव. विहिरी पाहिल्या, नाले पाहिले. चोवीस तारखेला, गुरुवारी, भावसिंग मेंढरं घेऊन डोंगरावर गेला होता, त्याची कुत्री एका घळीच्या तोंडाशी भुंकून राहिली. मनकर्णा खाली होती. पाय मोडलेला. घळीत पाण्याची बारीक धार असते, ती तिच्या हाताला लागत होती, म्हणून तहानेनं गेली न्हाई. डॉक्टर म्हणाले, जीव जाऊन दोन-तीन दिवस झालेत. म्हणजे बाई दहा दिवस जिवंत होती. उपाशी.

भीमराजला कुणी बोललं न्हाई. खोटं बोलला न्हवता तो. चालत्या जीपमधी हिरवं लुगडं दिसलं, त्याला ती वाटली, त्यानं सांगितलं. पारुबाईसुद्धा गल्लीत भेटली की विचारायची, बरा हाईस का? तो म्हणायचा, व्हय. बस. पण तेव्हापासून पोरगा आतून बंद झाला. सणाला नवं कापड घालायचा, लग्नात पंगतीत वाढायचा, सगळं करायचा. तोंडावर मात्र काही उमटायचं न्हाई. आई म्हणायची, याला भाजीत मीठ जास्त झालं तरी कळत न्हाई. असा माणूस डोंगरावर एकटा राहायला तयार झाला, तर त्यात नवल कसलं? घळ त्या खोलीपासून हाकेच्या अंतरावर होती. त्याला ठाऊक होतं. पण तिकडं तो कधी गेला न्हवता.

डिसेंबरात पुण्याहून पहिलं पत्र आलं. संस्थेत सपना मॅडम म्हणून होत्या, नळ्या त्या तपासायच्या. त्यांनी लिहिलं होतं की, बाकी नळ्या चांगल्या आहेत, पण रात्री दोनच्या नळ्यांत माणसाचा श्वास मिसळतो आहे. कृपया पाइपच्या तोंडाजवळ उभे राहू नका.

भीमराजनं ते माझ्यासमोर वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं. मी म्हणालो, अरे, पाइपचं तोंड तर वीस फुटांवर आहे. तो म्हणाला, व्हय. त्यानं तसं उत्तर लिहिलं.

दुसरं पत्र आलं. मॅडमनी सांगितलं, एका रात्री पाइपला टोपण लावून नळी चालवा. त्यानं चालवली. ती कोरी निघाली. म्हणजे दोष नळीत न्हवता, पंपात न्हवता. मग त्यांनी खांब दहा फुटांनी वाढवायला सांगितला. त्यानं गवंड्याला घेऊन तो वाढवला. दोनच्या नळीत श्वास तसाच. उलट जास्त.

तिसरं पत्र नऊ जानेवारीला आलं, शुक्रवारी. मी ते जीपवाल्याबरोबर वर पाठवलं न्हाई, स्वतः नेऊन दिलं, कारण पाकिटावर 'तातडीचे' असं लिहिलेलं. भीमराजनं वाचलं आणि पहिल्यांदाच माझ्या हातात दिलं. मॅडमचं अक्षर सुबक होतं. त्यातली चार वाक्यं मला पाठ आहेत.

'हा श्वास साधा नाही. आठ-दहा दिवस अन्न न मिळालेल्या माणसाच्या श्वासात जे असतं, ते यात आहे. त्याला पिकलेल्या फळासारखा गोडसर वास येतो. भीमराज, तुम्ही जेवता ना वेळेवर?'

मी त्याच्याकडं पाहिलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं न्हाई. आईनं दिलेला डबा कोपऱ्यात होता, अर्धा खाल्लेला. दोघांनाही एकच नाव आठवलं असणार. दोघांनीही घेतलं न्हाई.

मी उठलो तेव्हा तो एवढंच म्हणाला, "काका, महिना झाला. दोन वाजता गोळी थांबत न्हाई."

मी विचारलं, थांबत न्हाई म्हणजे?

"खालीवर व्हती."

मी खाली उतरलो. खरं सांगतो, मागं वळून पाहिलं न्हाई.

आता पुढचं मी पाहिलेलं न्हाई. त्यानं मला जसं सांगितलं, तसं सांगतो. शनिवार, दहा जानेवारी दोन हजार चार. घड्याळाच्या हिशेबानं रविवार लागलेला. पौषाची थंडी. चौथीचा चंद्र डोक्यावर आलेला, खडक न् खडक दिसत होता. पावणेदोनला तो उठला. नळी लावली. पंप सुरू केला. बराबर दोन.

गोळी वर गेली. रेघेवर थांबली.

मग खाली आली. सावकाश.

मग वर.

महिनाभर तो हे बघत आला होता. वहीत लिहायचा, गोळी हलते. त्या रात्री त्यानं लिहिलं न्हाई. हात पुढं केला आणि पंप बंद केला.

आवाज थांबला. डोंगरावर दुसरा आवाजच न्हाई. किडे न्हाईत. वारा न्हाई.

गोळी खाली पडली.

तो बघत राहिला.

गोळी वर आली.

पंप बंद होता. बॅटरीची वायर त्यानं काढून हातात घेतली. गोळी खाली गेली... वर आली... खाली गेली...

मी त्याला विचारलं, भ्याला का? तो म्हणाला, न्हाई काका. काहीच वाटलं न्हाई. दुसऱ्याचंच कुणाचं तरी बघून राहिलो असं वाटलं.

त्यानं पाइप काचेपासून सोडवला. पांढऱ्या पाइपचं तोंड. ते गालाजवळ नेलं.

हवा आली.

गार न्हवती.

गोड वास होता. पिकून काळ्या पडलेल्या केळ्यासारखा.

मग हवा आत ओढली गेली... त्याच्या गालावरची लव हलली. मग पुन्हा आली. तो तसाच बसून राहिला. किती वेळ, ठाऊक न्हाई. मग त्याच्या ध्यानात आलं. दोन श्वासांतलं अंतर वाढत होतं.

एक.

थांबला...

एक.

थांबला... थांबला...

भीमराजनं कधी कुणाला मरताना पाहिलं न्हवतं. पण त्याला कळलं. तिकडं घळीत कुणीतरी संपत होतं. आत्ता. आणि कुणी शोधायला निघालेलं न्हवतं.

त्यानं उजेडाची हातबॅटरी घेतली. पाण्याची बाटली घेतली. डबा घेतला. आणि पळाला. पायात चप्पल न्हाई. घळीचं तोंड त्याला शोधावं लागलं न्हाई, पाच वर्षं तो तिकडं बघायचं टाळत होता, त्यामुळं कुठं आहे ते पक्कं ठाऊक. बसून, घसरत, खडकाला धरत खाली उतरला. गुडघे फुटले. बॅटरी निसटली, विझली.

खाली अंधार. चंद्राचा उजेड तिथवर येत न्हाई.

त्यानं हातानं चाचपलं. दगड. ओला दगड. पाण्याची धार. पालापाचोळा.

कुणी न्हवतं.

त्यानं डबा उघडून खाली ठेवला. बाटलीचं टोपण काढलं. बसला. मग, जे त्यानं आईला सांगितलं न्हवतं, पोलीस पाटलाला सांगितलं न्हवतं, ते बोलला.

"मनाक्का. मी तोंड पाहिलं न्हवतं. नुसतं लुगडं पाहिलं."

काही न्हाई.

पाणी तेवढं ठिबकत होतं.

मग कानाशी... अगदी कानाशी... एक श्वास. लांब. सोडलेला.

दुसरा आलाच न्हाई.

तो वाट बघत बसला. पहाट होईस्तोवर बसला. आणि मला म्हणाला, काका, नंतर मला थंडी वाजायला लागली. दात वाजायला लागले, गुडघे दुखायला लागले, तळपायातला काटा टोचायला लागला. पाच वर्षांत पहिल्यांदा. मी तिथं पडून राहिलो आणि थरथरत होतो, एवढंच.

उजाडल्यावर तो खाली आला. स्वतःच्या घरी गेला न्हाई. पारुबाईच्या दारात उभा राहिला. ती अंगणात सडा टाकून राहिली होती. त्यानं तिला सगळं सांगितलं. पाइपचं, पत्रांचं, घळीचं. आणि शेवटी, त्या दिवशी मी तोंड पाहिलं न्हवतं, खात्री नसताना बोललो, हे सांगितलं.

पारुबाईनं बादली खाली ठेवली. शिव्या देईल, मारील, असं त्याला वाटलं. त्याला तेच पाहिजे होतं. तिनं विचारलं,

"तिथं लई थंडी वाजती का रं?"

तो म्हणाला, "व्हय."

ती आत गेली. चूल पेटवली. चार भाकरी थापल्या, पिठलं केलं, फडक्यात बांधलं, आणि एक घोंगडी खांद्यावर टाकून निघाली. पासष्ट वर्षांची बाई. पोरीला घळीतून काढून आणलं तेव्हाही ती वर गेली न्हवती, बायांनी जाऊ दिलं न्हवतं. त्या रविवारी ती गेली. भीमराजनं तिला हाताला धरून उतरवलं. दुपारभर ती तिथं बसली. रडली न्हाई. घोंगडी दगडावर पसरली, भाकरी ठेवली. निघताना म्हणाली, चल, आता तू पण खाऊन घे. आणि भीमराजनं दगडावर बसून भाकरी खाल्ली. पिठल्यात मीठ जरा जास्त होतं म्हणे.

हे सगळं त्यानं मला मंगळवारी सांगितलं, पेटी पुढ्यात ठेवून. टपालाची थैली आली होती, ती मी उघडली न्हाई.

मग मीही त्याला एक सांगितलं. तुमच्या काकूलाही हे ठाऊक न्हवतं.

कुरुंद्याचं ते उलट कार्ड, आठवतं ना? ते शनिवारी आलं होतं. एकोणीस सप्टेंबर, दुपारची थैली. कार्ड उघडंच असतं, मी वाचलं. मनकर्णा इकडं आलेलीच न्हाई. साखऱ्याचा पोस्टमन निघून गेला होता. मी स्वतः जीपनं जाऊ शकत होतो, अर्ध्या तासाचा रस्ता. पाऊस लागला होता, घरी पाहुणे होते. म्हटलं, सोमवारी देऊ. रविवार मधी गेला. सोमवारी कार्ड दिलं. तिचे दहा दिवस तुमी मोजून बघा... राहू दे. मोजू नका. मी मोजलेत.

भीमराजनं ऐकलं. पेटीवर हात ठेवून बसला होता, मग हात उचलला आणि माझ्या टेबलावर ठेवला. तेवढंच.

मी नंतर पारुबाईकडं गेलो का? गेलो. पण सहा महिन्यांनी. भीमराज एका रात्रीत उतरला, मला सहा महिने लागले. तिनं चहा केला. तिनं काय म्हटलं, ते मी सांगणार न्हाई.

सपना मॅडमचं चौथं पत्र फेब्रुवारीत आलं. अकरा जानेवारीनंतर दोनच्या सगळ्या नळ्या स्वच्छ होत्या, बाकीच्या नळ्यांसारख्याच. काय दुरुस्ती केलीत, असं त्यांनी विचारलं होतं. भीमराजनं उत्तर लिहिलं, पाइप सोडवून परत जोडला. ते खोटंही न्हवतं. मे महिन्यात काम संपलं, मॅडम टेम्पो घेऊन आल्या, खांब उतरवला, पत्रे नेले. चौथरा राहिला. भीमराज आता हिंगोलीला एका शाळेत प्रयोगशाळा सांभाळतो. लग्न केलं. एक लेकरू आहे. तुमी त्याला भेटलात तर याच्यावर असं काही गुदरलं असेल असं तुमाला वाटणार न्हाई. साधा माणूस. कमी बोलतो, पण थंडी वाजली की स्वेटर घालतो.

थांबा, उठू नका. एक राहिलं.

ती काच. गोळीची. त्या पहाटे भीमराज खोलीत परतला, तर काच धुरकट झालेली, श्वास टाकल्यावर होते तशी. त्याला वाटलं थंडीनं. दुपारी ऊन तापलं तरी तशीच. त्यानं ती माझ्याच पोस्टातून पुण्याला पाठवली, बिघडली म्हणून. मॅडमनी भट्टीत सुकवली, एकदा न्हाई, तीनदा. दर वेळेस दव परत. दोन्ही तोंडं त्यांनी वितळवून बंद केली आणि पुन्हा तापवली. मे महिन्यात येताना ती सोबत आणली, म्हणाल्या, आमच्या उपयोगाची नाही. भीमराजनं ती घेतली आणि माझ्याकडं दिली. ही बघा, कोनाड्यातच असते माझ्या. पाच वर्षं झाली. यंदाच्या मे महिन्यात इथं चव्वेचाळीस अंश होतं.

प्रमोद, बॅटरी धर इकडं. पुनम, तू घे हातात. सांभाळून.

दिसलं?

पूस. पदरानं पूस, जोर लावून.

पुन्हा पूस...

आतल्या बाजूनं आहे, बाळा.